रिकामी स्क्रीन आणि लॉर्ड केल्विन

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठीच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर फुली-गोळा खेळायचो. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मला आधी हसूच आलं. ह्रस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या, आणि राहिल्या नसतील तर ते श्रेय संपादकांचं.

तर झालं असं. सहाव्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर एक पायथन स्क्रिप्ट चालवत होते. सर्व्हर लॅबमध्ये, मी होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, लॅपटॉप मांडीवर. एसएसएचने आत शिरले, स्क्रिप्ट सुरू करून दिली, तिचं आउटपुट एका लॉग फाईलमध्ये वळवलं आणि दुसऱ्या विंडोत त्या फाईलला 'टेल' लावून बघत बसले. दर फेरीला एक ओळ छापायची, एवढंच तिचं काम. दहा मिनिटं झाली, ओळ नाही. वीस मिनिटं झाली, मॅगी करून झाली, खाऊन झाली, ओळ नाही. चाळीस मिनिटांनी मी ठरवलं की ही अडकली, आणि सरळ 'किल मायनस नाईन' मारलं. पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. रात्री अडीचपर्यंत मी त्या बिचारीला तीनदा मारलं. सकाळी नऊला रिव्ह्यू होता आणि माझ्याकडे दाखवायला शून्य बाईटची फाईल होती.

रिव्ह्यूत जे व्हायचं ते झालं. मग लॅबच्या सरांनी शांतपणे समजावलं की स्क्रिप्ट उत्तम चालली होती. आउटपुट समोरच्या टर्मिनलवर जात असेल तर ते ओळी-ओळीने बाहेर पडतं. पण तेच फाईलकडे वळवलं की प्रोग्राम ते आधी मेमरीत साठवतो आणि आठ-एक केबीचा गठ्ठा भरला की मगच एकदम ढकलतो. माझ्या ओळी इवल्याशा. गठ्ठा भरायला तासन् तास लागले असते. आणि मायनस नाईनने मारलं की तो साठवलेला माल प्रोग्रामबरोबरच जातो. पायथनला सुरू करतानाच '-यू' सांगितलं असतं किंवा प्रत्येक ओळीनंतर फ्लश केलं असतं, तर लांबच्या मशीनवर काय चाललंय ते मला जिथल्या तिथे दिसत राहिलं असतं.

वर सर हसून असंही म्हणाले की वाईट वाटून घेऊ नकोस, १८५८ साली ब्रायटनच्या एका डॉक्टरनेही हेच केलं होतं, फक्त त्याच्या हातात अटलांटिक महासागराखालची तार होती. आणि त्या वेळी शहाणपणा दाखवणारा माणूस कोण होता माहीत आहे का, तर तुमचा केल्विन.

केल्विन म्हणजे माझ्यासाठी २७३.१५. सेल्सिअसमध्ये मिळवायचा आकडा, एवढीच आमची ओळख. हा माणूस समुद्रात काय करत होता म्हणून मी लायब्ररीत गेले आणि पुढचे दोन रविवार तिथेच घालवले.

त्यांचं खरं नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, बेलफास्ट, आयर्लंड. वडील जेम्स थॉमसन हे शेतकऱ्याचे पोर, स्वतःच्या हिमतीवर शिकून गणिताचे मास्तर झालेले. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. त्यानंतर वडिलांनीच मुलांना घरी शिकवलं. १८३२ मध्ये वडिलांना ग्लासगो विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि सगळं कुटुंब स्कॉटलंडला गेलं. १८३४ मध्ये विल्यमचं नाव विद्यापीठाच्या पटावर लागलं, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. (मी दहा वर्षांची असताना बर्थडे पार्टीत रडले होते कारण केक चॉकलेटचा नव्हता. असो.)

१८४० साली, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, त्याच्या हातात फूरिएचं उष्णतेवरचं फ्रेंच पुस्तक पडलं. तोच फूरिए, ज्याच्या सिरीजने एम-थ्रीमध्ये आपल्यातल्या अर्ध्या जणांची केटी लावली. विल्यमने ते पुस्तक पंधरा दिवसांत संपवलं. त्या उन्हाळ्यात वडील मुलांना जर्मन शिकायला म्हणून जर्मनीला घेऊन गेले आणि हा पठ्ठ्या फूरिए बरोबर घेऊन गेला. जर्मन राहिलं बाजूला. एडिंबरोच्या एका प्राध्यापकाने फूरिएचं चुकलंय असं छापलं होतं, तर या मुलाने प्राध्यापकाचंच चुकलंय असा लेख लिहिला. तो १८४१ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या मासिकात आला, पण खाली सही होती पी. क्यू. आर. मला ही सही फार आवडली.

केंब्रिजला तो चार वर्षं होता. होडी वल्हवण्याच्या शर्यतीत बक्षीस मिळवलं, बँडमध्ये फ्रेंच हॉर्न वाजवला. १८४५ च्या शेवटच्या परीक्षेत पहिला येणार हे सगळे धरून चालले होते. अशी गोष्ट सांगतात की निकालाच्या दिवशी त्याने नोकराला पाठवलं, दुसरा कोण आलाय ते बघून ये म्हणून, आणि नोकराने परत येऊन सांगितलं की दुसरे आपणच. गोष्ट खरी की रचलेली देव जाणे, पण तो दुसरा आला हे मात्र खरं. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, बावीस वर्षांचे थॉमसन ग्लासगोला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. बावीस! आपल्याकडे त्या वयात लोक गेटचा दुसरा अटेम्प्ट देत असतात. ती खुर्ची त्यांनी त्रेपन्न वर्षं सोडली नाही. वडिलांनी मुलाला ती मिळावी म्हणून खूप खटपट केली होती. १८४९ च्या जानेवारीत वडील कॉलऱ्याने गेले.

निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी त्यांनी मांडली ती १८४८ मध्ये. त्यावरून आपण त्यांना ओळखतो, म्हणून त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. सेकंड इयरच्या थर्मोच्या पुस्तकात आहे, ज्यांना हौस आहे त्यांनी बघावं. एक मात्र सांगते. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत म्हणून त्यांनी कॉलेजच्या इमारतीतलं जुनं, वापरात नसलेलं दारूचं तळघर मागून घेतलं आणि तिथे प्रयोगशाळा काढली. आपण जर्नलवर सही मिळवण्यासाठी रांग लावतो त्या प्रकाराची सुरुवात अशी तळघरात झाली.

आता तारेकडे येते, कारण मला सांगायचंय ते इथे आहे.

१८५० नंतर समुद्राखालून तारा टाकायला सुरुवात झाली. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचं वेष्टण, बाहेर समुद्राचं पाणी. जमिनीवरच्या खांबांवर टक-टक असा स्वच्छ सिग्नल जायचा, पण समुद्राखाली तो पलीकडे पोचेपर्यंत पसरट होऊन जायचा. फॅरेडेने कारण ओळखलं होतं. तांबं आत, पाणी बाहेर, मध्ये इन्सुलेशन, म्हणजे ही तार नाहीच, हा मैलोन् मैल लांब कपॅसिटर आहे. इकडून बटण दाबलं की आधी तो सगळा भरायला लागतो, मग कुठे पलीकडच्या टोकाला करंट चढायला लागतो, तोही हळूहळू. बटण सोडलं तरी पलीकडे शेपूट रेंगाळत राहते. तेवढ्यात दुसरं बटण दाबलंत तर दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळून लापशी.

१८५४ मध्ये स्टोक्स या गणितज्ञाने थॉमसनना पत्राने या प्रकाराबद्दल विचारलं. थॉमसननी समीकरण मांडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आपण आधी पाहिलंय. लोखंडाच्या सळईचं एक टोक तापवलं की दुसऱ्या टोकाला उष्णता कशी पोचते, त्याचंच हे समीकरण. पंधराव्या वर्षी वाचलेला फूरिए! त्यातून निघालेला निकाल साधा आहे. लांबी वाढली की रेझिस्टन्स वाढतो आणि कपॅसिटन्सही वाढतो, म्हणून उशीर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दहापट लांब केली तर उशीर शंभरपट. उपायही त्यातच होता. तांबं जाड करा म्हणजे रेझिस्टन्स कमी होईल, वेष्टण जाड करा म्हणजे कपॅसिटन्स कमी होईल. (इंडक्टन्स यात नव्हता. तो पुढे हेव्हिसाईडने घातला आणि आपल्या ट्रान्समिशन लाईन्सच्या युनिटमधलं संकट पूर्ण झालं.)

आता ब्रायटनचे डॉक्टर. यांचं नाव वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशाने सर्जन, विजेचा नाद लागलेला. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकखालून तार टाकायला १८५६ मध्ये साडेतीन लाख पौंड भांडवलाची कंपनी निघाली आणि तिचे मुख्य वीजतज्ज्ञ म्हणून हेच नेमले गेले. व्हाइटहाउसनी हजारो प्रयोग केलेले होते, मेहनती माणूस, पण गणिताशी वैर. लांबीच्या वर्गाचा नियम त्यांना मान्यच नव्हता, तसं त्यांनी भर सभेत सांगितलं. नियम खरा असेल तर कंपनीचा धंदा चालणं कठीण, म्हणून नियम खोटा, असाच काहीसा तो सूर होता. थॉमसन कंपनीच्या संचालक मंडळावर होते, पगार नाही, अधिकार नाही. त्यांनी जाड तारेचा आग्रह धरला तोपर्यंत बारीक तारेची ऑर्डर गेलेली होती. दर सागरी मैलाला तांबं फक्त १०७ पौंड.

मग थॉमसननी जे आपल्या हातात होतं ते केलं. एक म्हणजे, तांब्याचे नमुने विद्यार्थ्यांकडून मोजून घेतले. त्यात कळलं की वरून सारखंच दिसणारं तांबं वीज वाहून नेण्यात एकमेकांपासून खूप वेगळं निघतं, भेसळीचा फरक. तेव्हापासून केबलच्या कारखान्यात तांबं तपासून घ्यायची पद्धत पडली. दुसरं म्हणजे, पलीकडच्या टोकाला जे काही थोडंसं पोचेल ते बघता यावं असं यंत्र बनवलं. मिरर गॅल्व्हनोमीटर.

हे यंत्र फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये आपण सगळ्यांनी कंटाळत बघितलंय, लॅम्प अँड स्केल. रेशमाच्या एका धाग्यावर टांगलेला नखाएवढा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेला चिमुकला लोहचुंबक, भोवती वायरचं वेटोळं. दिव्याचा उजेड आरशावरून परत येऊन पट्टीवर पडतो. करंट अगदी नावालाच आला तरी आरसा केसभर वळतो आणि पट्टीवर उजेडाचा ठिपका चांगला हलतो. वजनदार काटा नाही, म्हणून आळस नाही. आणि यातली खरी हुशारी म्हणजे, सिग्नल पूर्ण चढायची वाट बघायचीच नाही. ठिपका हलायला लागला, डावीकडे की उजवीकडे, एवढं कळलं की अक्षर कळलं. ठिपका मध्यावर परत आलेला नसला तरी चालतं, जिथे आहे तिथून पुढची हालचाल वाचायची. गठ्ठा भरण्याची वाट न बघता, येईल तसं वाचणं. माझ्या त्या लॉग फाईलच्या बरोबर उलट.

पहिला प्रयत्न १८५७ च्या ऑगस्टमध्ये झाला, तार तुटली. १८५८ च्या जूनमध्ये पुन्हा गेले. ॲगॅमेम्नॉन आणि नायगारा अशी दोन जहाजं, अर्धी तार एकावर, अर्धी दुसऱ्यावर. मधल्या समुद्रात भेटून टोकं जोडायची आणि एकमेकांकडे पाठ करून निघायचं. भेटायच्या आधीच असं वादळ आलं की तारेच्या आणि कोळशाच्या ओझ्याने ॲगॅमेम्नॉन बुडता बुडता राहिली. थॉमसन तिच्यावरच होते. व्हाइटहाउस प्रकृतीच्या कारणाने किनाऱ्यावर. जूनमध्ये तार पुन्हा पुन्हा तुटली, सगळे परत आले, आणि जुलैत पुन्हा निघाले.

२९ जुलैला टोकं जोडली. दोन जहाजं एकमेकांपासून लांब लांब जात होती आणि त्यांच्यामधल्या तारेतून ठराविक वेळाने सिग्नल सोडले जात होते, फक्त एवढं कळावं म्हणून की तार जिवंत आहे. अंधाऱ्या खोलीत थॉमसन आणि त्यांचे मदतनीस त्या ठिपक्याकडे डोळे लावून. आणि पहिल्याच संध्याकाळी ठिपका थांबला. नायगाराकडून काहीच येईना. मी हे वाचत होते तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण ती शून्य बाईटची फाईल डोळ्यांसमोर होती. इथे तार कापून टाकणं सोपं होतं, दुरुस्ती करायला तरी हाताशी काहीतरी मिळालं असतं. ते थांबले. तपासत राहिले, ठिपक्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने तो पुन्हा हलला.

५ ऑगस्ट १८५८ ला दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली. न्यूयॉर्कमध्ये एवढा जल्लोष झाला की आतषबाजीने सिटी हॉलच्या घुमटाला आग लागली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना संदेश गेला. अठ्ठ्याण्णव शब्द, आणि ते पोचायला सुमारे सोळा तास लागले. आपल्या मेसच्या वायफायला मी यापुढे नावं ठेवणार नाही.

सोळा तास का, तर पलीकडून येणारं काही धड वाचता येत नव्हतं. आयर्लंडच्या टोकाला व्हाइटहाउसनी स्वतःची यंत्रं लावली होती. ती वजनदार, त्यांना हलायलाच मोठा करंट लागायचा. ती हलेनात, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी निष्कर्ष काढला की पलीकडे जोर कमी पडतोय, आणि पाच-पाच फूट लांबीच्या इंडक्शन कॉइल लावून तारेत दोन हजारांच्या आसपास व्होल्ट सोडले. तार आधीच अशक्त होती. कारखान्यातून आल्यावर ती उन्हात पडली होती, गटापर्चा मऊ होऊन आतलं तांबं जागचं सरकलं होतं. म्हणजे सगळा दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हे, हे सांगायला पाहिजे. तार कदाचित तशीही फार जगली नसती. पण कच्च्या जागांतून एवढा दाब गेल्यावर त्या फाटल्याच. गंमत म्हणजे संदेश खरे वाचले जात होते ते थॉमसनच्या आरशावर, साध्या बॅटरीच्या जोरावर. संचालकांना हे कळलं तेव्हा व्हाइटहाउसना काढून टाकलं. उशीर झाला होता. सप्टेंबर लागला तसे सिग्नल विझत गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत तार पूर्ण गप्प झाली.

तेवढ्या दिवसांत सातशेहून अधिक संदेश गेले होते. त्यातला एक आपल्याशी जोडलेला आहे. कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना मायदेशी निघायचा हुकूम झालेला होता, भारतातलं बंड मोडायला सैन्य हवं म्हणून. १८५८ च्या ऑगस्टपर्यंत इंग्रजांना त्यांची गरज उरली नाही. तात्या टोपे अजून लढत होते, पण लंडनच्या हिशेबाने काम आटोपलं होतं. हुकूम रद्द केल्याची तार समुद्राखालून गेली आणि सरकारचे पन्नासेक हजार पौंड वाचले. त्या बारीक तारेचा हा सगळ्यात किफायतशीर संदेश, आणि तो आपल्या पारतंत्र्याच्या हिशेबातला. हे वाचून मला नेमकं काय वाटलं ते सांगता येत नाही.

मग चौकशी समिती बसली, अमेरिकेत यादवी युद्ध झालं, काही वर्षं गेली. मधल्या काळात थॉमसन बर्फावर खेळताना पडले, मांडीचं हाड मोडलं आणि ते कायमचे थोडे लंगडत चालायला लागले. १८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न या तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाजावरून नवी तार निघाली. या वेळी तांबं दर सागरी मैलाला ३०० पौंड, जवळजवळ तिप्पट, म्हणजे गणिताचं ऐकलं गेलं. तरी ती २ ऑगस्टला तुटून दोन मैल खोल पाण्यात गेली. १८६६ मध्ये पुन्हा गेले. २७ जुलैला ती न्यूफाउंडलंडला पोचली, आणि मग त्यांनी गेल्या वर्षीची बुडालेली तारही गळ टाकून वर काढली, तिला पुढचा तुकडा जोडला आणि तीही चालू केली. दोन मैल खोल समुद्रात काळोखात पडलेली बोटाएवढी जाड दोरी गळाने पकडायची! मिनिटाला आठ-एक शब्द जायला लागले. त्या सप्टेंबरमध्ये लॅटिमर क्लार्क या इंजिनीअरने न्यूफाउंडलंडकडची दोन्ही टोकं एकमेकांना जोडायला लावली, आयर्लंडमध्ये एका बाईंचं शिवणकामाचं चांदीचं टोपण मागून घेतलं, त्यात थेंबभर ॲसिड आणि जस्ताचा तुकडा घालून बॅटरी केली आणि सिग्नल सोडला. अटलांटिक पार जाऊन परत आला, आणि आरशाचा ठिपका मजेत हलला. कुठे ते दोन हजार व्होल्ट आणि कुठे हे टोपण.

१८६६ च्या नोव्हेंबरमध्ये थॉमसनना 'सर' केलं.

पण आरशाला एक मोठी खोट होती. ठिपका दिसायचा, पण मागे काही राहायचं नाही. एक जण डोळे फोडून बघायचा आणि सांगायचा, दुसरा लिहायचा. पहिल्याला शिंक आली तर अक्षर गेलं. म्हणून १८६७ मध्ये थॉमसननी सायफन रेकॉर्डर काढला. केसासारखी बारीक काचेची नळी, तिचं एक टोक शाईत, दुसरं सरकत्या कागदी पट्टीच्या वर. नळी करंटबरोबर डावी-उजवीकडे डोलते. कागदाला टेकली तर घर्षणाने अडेल, म्हणून तिला टेकूच दिलं नाही. शाईला विजेचा भार दिला, म्हणजे ती आपण होऊन बारीक थेंबांनी कागदावर उडते. आपल्या इंकजेट प्रिंटरचे हे पणजोबा. पट्टीवर नागमोडी रेघ उमटत जायची, बघायलाही मिळायची आणि जपूनही ठेवता यायची. लिनक्सवाल्यांसाठी सांगते, हे त्या काळचं 'टी' आहे, स्क्रीनवरही आणि फाईलमध्येही.

१८७० च्या सुरुवातीला तीच ग्रेट ईस्टर्न मुंबईला आली. उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून तिला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारीत मुंबईहून एडनकडे तार टाकत ती निघाली आणि जूनपर्यंत मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असं करत इंग्लंडच्या पोर्थकर्नो गावापर्यंत साखळी पूर्ण झाली. बोटीने पत्राला महिना लागायचा तिथे तारेला काही तास. मध्ये एवढी ठाणी का, एकच लांब तार का नाही, याचं उत्तर तोच वर्गाचा नियम. तार अर्धी केली की उशीर पाव होतो. प्रत्येक ठाण्यावर एक कारकून रेघ वाचून पुढच्या तारेत पुन्हा बटण दाबायचा, हाडामांसाचा रिपीटर. आज वर्सोव्याच्या किनाऱ्याला फायबरच्या केबल वर येतात, त्यांच्यातही समुद्राच्या तळाशी ठराविक अंतराने रिपीटर असतात, फक्त त्यांना चहा लागत नाही.

त्याच जूनमध्ये थॉमसनच्या पत्नी मार्गारेट गेल्या. १८५२ मध्ये लग्न झालं आणि त्यानंतर लवकरच त्या आजारी पडल्या त्या कायमच्याच. सतरा-अठरा वर्षं ते प्रवासातून परत यायचे ते आजारी बायकोच्या उशाशी. पुस्तकांत हे दोन ओळींत आटपलेलं असतं. मूल नव्हतं.

पेटंटचा पैसा भरपूर आला होता. त्यातून त्यांनी लाला रूख नावाची शिडाची यॉट घेतली आणि उन्हाळे समुद्रावर काढायला लागले. १८७३ मध्ये ब्राझीलची केबल टाकायला जाणारं जहाज तारेतल्या बिघाडामुळे मदेरा बेटावर दोन आठवडे अडकलं. तिथे ब्लँडी नावाच्या कुटुंबाशी ओळख झाली, त्यांच्या मुलींना थॉमसननी दिव्याने मोर्सचे सिग्नल द्यायला शिकवलं. पुढच्या वर्षी ते स्वतःच्या यॉटमधून परत गेले. अशी आख्यायिका आहे की त्यांनी बंदरातूनच सिग्नलने फॅनी ब्लँडीला लग्नाचं विचारलं आणि किनाऱ्यावरून सिग्नलनेच होकार आला. आमच्या विंगमध्ये मी हे वाचून दाखवलं तेव्हा अख्खी विंग दोन मिनिटं गप्प होती, जे सहसा होत नाही. १८७४ च्या जूनमध्ये लग्न झालं. तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

पुढचं भराभर सांगते. जहाजांचं होकायंत्र सुधारलं, समुद्राची खोली मोजायचं यंत्र केलं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक चाकं फिरवून काढणारं यंत्र केलं. त्याच धर्तीचं एक यंत्र पुढे खास भारतातल्या बंदरांसाठी बनवलं गेलं. १८९२ मध्ये ते लॉर्ड झाले आणि नाव घेतलं केल्विन, ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं. म्हणजे आपण ज्यात तापमान मोजतो ते मुळात नदीचं नाव आहे.

चुकले नाहीत असं नाही. पृथ्वी किती वर्षांपूर्वी थंड झाली याचं गणित त्यांनी त्याच फूरिएच्या समीकरणाने मांडलं आणि शेवटी उत्तर दोन ते चार कोटी वर्षांवर आणलं. भूगर्भशास्त्रवाले ओरडत होते की एवढ्यात भागत नाही, पण हे हटले नाहीत. खरं वय साडेचार अब्ज वर्षांचं निघालं. ज्या समीकरणाने समुद्राखाली साथ दिली त्यानेच जमिनीखाली दगा दिला. खरं तर समीकरणाने नाही, आत काय आहे याबद्दल त्यांनी धरलेल्या गृहीतकाने. व्हाइटहाउसना गणित नको होतं आणि केल्विनना म्हातारपणी गणिताबाहेरचं काही नको होतं. मला स्वतःला दोघांचाही थोडा थोडा रोग आहे, त्यामुळे मी कोणाला हसत नाही.

१८९६ मध्ये त्यांच्या प्राध्यापकपदाला पन्नास वर्षं झाली, मोठा समारंभ झाला, देशोदेशीचे पाहुणे आले. ग्लासगोहून एक तार अमेरिकाभर फिरवून काही मिनिटांत त्याच सभागृहात परत आणून दाखवली. एवढं कौतुक झाल्यावर उत्तराच्या भाषणात त्यांनी काय सांगावं, तर पंचावन्न वर्षं जे सगळ्यात नेटाने केलं त्याचं वर्णन एका शब्दात होतं, आणि तो शब्द म्हणजे अपयश. वीज, चुंबकत्व आणि ईथर यांचा संबंध त्यांना शेवटपर्यंत उलगडला नव्हता आणि ते मनाला लागलेलं होतं.

१८९९ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर विद्यापीठाशी नातं तुटू नये म्हणून त्यांनी ग्लासगो विद्यापीठातच संशोधक विद्यार्थी म्हणून नाव घातलं. दहाव्या वर्षी पटावर लागलेलं नाव पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा पटावर. १७ डिसेंबर १९०७ ला लार्ग्झ गावातल्या घरी ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनजवळ त्यांना पुरलं. त्यांची बरीच यंत्रं ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहेत.

आपला लॅम्प अँड स्केल फिजिक्स लॅबमध्ये मागच्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. दिवा गेलेला आहे. मी मागच्या शनिवारी लॅब असिस्टंट काकांना विचारून तो बाहेर काढला, मोबाईलचा टॉर्च धरला आणि पट्टीवर ठिपका पाडला. काका दारातून चालत आले तेवढ्यानेसुद्धा तो हलला.